दोन शब्द बोलायला उभं राहण्याआधी

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात जून महिना दोन कामांचा. शेतात धानाचे पऱ्हे टाकायचे आणि गावात गुणवंतांचे सत्कार उरकायचे. दहावी-बारावीचे निकाल तोवर लागलेले असतात. आसगावसारख्या चौरास भागातल्या गावात कधी शाळेत, कधी समाजमंदिरात, कधी चौकात मंडप टाकून गुणगौरव होतो. मग ‘दोन शब्द बोला’ म्हणून कोणालाही उठवतात. सरपंच, निवृत्त गुरुजी, बचत गटाच्या अध्यक्षबाई, सुट्टीत पुण्याहून आलेला इंजिनिअर पुतण्या, कोणीही. हा लेख त्या सगळ्यांसाठी आहे. दुसऱ्याच्या शिक्षणाचं, त्याच्या ज्ञानाचं कौतुक नीट कसं करावं, एवढाच विषय.

आपली नेहमीची भाषणं आठवून पाहा. गावाचं नाव रोशन केलं, आई-वडिलांचं स्वप्न साकार केलं, जिद्द-चिकाटी-मेहनत या त्रिसूत्रीच्या जोरावर यशाचं शिखर गाठलं, पुढील वाटचालीस शुभेच्छा. यात खोटं काही नाही, फक्त यातलं एकही वाक्य त्या मुलीचं नाही. तिचं नाव काढून तिच्या शेजारी बसलेल्या मुलाचं नाव घातलं तरी भाषण तसंच्या तसं चालतं. घरी तयारी करताना हीच चाचणी लावायची. नाव बदलल्यावरही जे वाक्य टिकतं ते काढून टाकायचं. पहिल्यांदा असं केलं की कागदावर फारसं काही उरत नाही. घाबरू नका, तिथूनच खरी तयारी सुरू होते.

तयारी म्हणजे चौकशी. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी त्या मुलीच्या घरी पाच मिनिटं जा किंवा तिच्या वर्गशिक्षकांना फोन करा. टक्के विचारू नका, ते फ्लेक्सवर असतातच. विचारा की कोणता विषय तिला जड गेला आणि तो तिनं कसा काढला. आई सांगेल, भूमितीची प्रमेयं पाठ होत नव्हती, मग धाकट्या भावाला समोर बसवून त्यालाच शिकवू लागली. सर सांगतील, प्रयोगवहीत आकृती चुकली तर खोडत नव्हती, नवं पान घेऊन पुन्हा काढायची. बस, तुमचं भाषण मिळालं. आता माईकवर उभं राहून एवढंच म्हणा: “ही मुलगी भूमिती पाठ करत नव्हती, शिकवत होती. ज्याला दुसऱ्याला शिकवता येतं त्याला तो विषय आला, असं आपले जुने मास्तर म्हणायचे. तिच्या भावालाही आता प्रमेयं येतात, म्हणजे या घरात दोघांचा अभ्यास झाला.” अर्ध्या मिनिटाचं बोलणं, पण ते त्या पोरीशिवाय दुसऱ्या कोणाला लागू पडत नाही. समोर बसलेल्या आठवीच्या पोट्ट्यांनाही त्यातून घरी जाऊन करून पाहण्यासारखं काहीतरी मिळतं. ‘जिद्द-चिकाटी’ घरी नेऊन करायचं काय, ते पोरांना कोणी सांगत नाही.

सत्कार करावा की करू नये, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्म’साठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत लहानपणीचा एक प्रसंग नोंदवला आहे. ते इंग्रजी चौथी पास झाले. त्या काळी त्यांच्या समाजातला तिथवर पोचलेला मुलगा विरळाच, म्हणून वस्तीतल्या लोकांनी सभा भरवायचं ठरवलं आणि परवानगी मागायला ते मुलाचे वडील रामजी सुभेदार यांच्याकडे गेले. सुभेदारांनी साफ नकार दिला. मुलगा परीक्षाच तर पास झाला आहे, दुसरं काही केलेलं नाही, उगाच त्याच्या डोक्यात हवा जाईल, असं त्यांचं म्हणणं. लोकांनी मग सुभेदारांचे स्नेही, लेखक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांना मध्ये घातलं. थोडी वादावादी झाली, वडील नमले, सभा झाली. अध्यक्षस्थानी केळुसकरच होते, आणि भाषण संपवताना त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्या मुलाच्या हातावर ठेवलं. ते पुस्तक आपण किती ओढीनं वाचलं, हे बाबासाहेबांनी जवळजवळ अर्ध्या शतकानंतर लिहून ठेवलं.

या प्रसंगात वडील बरोबर होते आणि केळुसकरही. परीक्षा पास होणं म्हणजे विद्वत्ता नव्हे, हे सुभेदारांचं म्हणणं आज ९५ टक्क्यांच्या फ्लेक्ससमोर उभं राहून पुन्हा म्हणायला हरकत नाही. केळुसकरांनी मात्र कौतुक परीक्षेवर थांबवलं नाही, पुढचं वाचन हातात दिलं. तेवढ्यावरही ते राहिले नाहीत. पुढे कॉलेजचं शिक्षण पैशावाचून अडलं तेव्हा त्यांनीच बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. १९१२ साली भीमराव बी.ए. झाले. याच बाबासाहेबांनी १९५४ साली आपल्या भंडारा जिल्ह्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले. जिल्ह्यातल्या सत्कार समारंभात बाबासाहेबांचा फोटो असतोच. त्याला हार घालताना केळुसकरांचीही आठवण काढली तर ती विषयाला धरूनच होईल.

तेव्हा भेटवस्तूचं आधी पाहा. शाल आणि श्रीफळ सोळा वर्षांच्या मुलाच्या काय कामाचं? शाल आजीच्या अंगावर जाते, नारळ दुसऱ्या दिवशी चटणीत. सन्मानचिन्हावर टक्के कोरलेले असतात आणि ते शोकेसमध्ये धूळ खातं. त्याच पैशात एक चांगलं पुस्तक येतं, पण ते त्या मुलाकडे बघून निवडा. यशाचे मंत्र सांगणारी पुस्तकं गठ्ठ्यानं आणून सगळ्यांना सारखी वाटू नका. ज्याला यंत्रं उघडून बघायची खोड आहे त्याला विज्ञानाचं, जी भाषणं करते तिला चरित्र, ज्याचं इंग्रजी कच्चं आहे त्याला जाड शब्दकोश. पहिल्या पानावर तारीख, गावाचं नाव आणि हे पुस्तक त्यालाच का दिलं याची एक ओळ लिहा. छापील लेबल चिकटवू नका.

आणि केळुसकरांचं दुसरं काम, शब्द टाकण्याचं, तेही जूनमध्येच करण्यासारखं असतं. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता प्रमाणपत्र, प्रवेशाच्या फेऱ्या, शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज. या जंजाळात चांगले मार्क मिळवलेली पोरंही अडकतात. मंचावरून ‘तुम्हाला कधीही मदत लागली तर सांगा’ म्हणणं सोपं, पण त्यावर कोणी येत नाही, कारण कोणाच्या दारात जाऊन मागायला पोरं लाजतात. त्याऐवजी ‘सोमवारी सकाळी मी पवनीला तहसीलमध्ये जातो आहे, ज्याचे दाखले राहिले असतील त्यानं बसस्टँडवर भेटावं’ असं माईकवरून सांगा. या वाक्याला टाळ्या पडणार नाहीत. नाही पडल्या तर नाही पडल्या.

सुभेदारांना वाटत होती ती हवा डोक्यात जाण्याची भीती मानसशास्त्रानंही तपासून पाहिली आहे. १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवर काही प्रयोग केले. सोडवलेल्या कोड्यांबद्दल काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असं म्हटलं, काहींना ‘तू बरीच मेहनत घेतलीस’ असं. नंतर पुढचं काम निवडायला सांगितल्यावर हुशार म्हटलेली बहुतेक मुलं सोप्याकडे वळली. अवघड कोड्यात अपयश आल्यावर त्यांचा रस लवकर आटला, आणि आपले गुण दुसऱ्या मुलांना कळवताना ते वाढवून सांगणारीही त्यांच्यातच जास्त निघाली. कारण उघड आहे. हुशारी ही एकदा गळ्यात पडली की सांभाळावी लागते, आणि सांभाळायची म्हणजे जिथे हरण्याची शक्यता आहे तिथे जायचंच नाही. आपल्याकडे ‘पोरगा लय हुसार’ म्हणतात ते प्रेमानंच. त्या शब्दावर बंदी घाला असं मी म्हणणार नाही, आजीच्या तोंडून तो गोडच लागतो. पण मंचावरून बोलताना त्याला जोडून त्यानं काय केलं ते सांगा. ‘डोकं आमच्या घराण्यातच आहे’ हे मात्र काकांनी शक्यतो घरीच म्हणावं.

आता एक शब्द खोडायला सांगतो. ‘असूनही’. मुलगी असूनही, शेतमजुराचा मुलगा असूनही, अमुक समाजाचा असूनही, खेड्यातली असूनही. बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं, पण ऐकणाऱ्याला कळतं की या माणसाला आपल्याकडून अपेक्षाच नव्हती. याच जातीचं दुसरं बोलणं म्हणजे गरिबीचं वर्णन. बापाचं दारूचं व्यसन, आईची धुणीभांडी, कुडाचं घर, सगळं माईकवरून सांगायचं आणि शेवटी ‘अशा परिस्थितीत’ म्हणायचं. समोर त्या मुलीच्या वर्गातली पोरं बसलेली असतात, आणि ती पुढच्या आठवड्यात तिच्याशी कसं बोलतील याचा विचार कोणी करत नाही. घरची परिस्थिती सांगायचीच असेल तर आधी तिला आणि तिच्या आईला विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर नाही. बहुतेक वेळा परिस्थिती न सांगताही काम भागतं, कारण भूमितीचं प्रमेय श्रीमंताघरीही तेवढंच अवघड असतं.

सभेत नापास झालेली पोरंही असतात, हे विसरायचं नाही. ‘हिच्याकडून काहीतरी शिका रे’ या एका वाक्यानं सत्कार झालेल्या पोरीला गावात दहा वैरी मिळतात.

हे झालं लहानांच्या कौतुकाचं. मोठ्यांच्या विद्वत्तेचं कौतुक लहानानं करायचं असेल तर मामला वेगळा आहे. निवृत्त होणाऱ्या गुरुजींना त्यांचाच विद्यार्थी ‘आपण फार मोठे विद्वान आहात’ असं म्हणतो तेव्हा बोलणाराही अवघडतो आणि ऐकणाराही. विद्वान आहे की नाही हे ठरवायला आपण कोण? आपल्या रीतीत कौतुक वरून खाली येतं, खालून वर जातो तो आदर. म्हणून गुरुजींना शेरा देऊ नका, हिशेब द्या. त्यांनी शिकवलेलं काय तुमच्याजवळ अजून शिल्लक आहे? ‘सातवीत तुम्ही क्षेत्रफळ शिकवताना आम्हाला शाळेमागच्या बांधीत नेऊन पावलांनी मोजायला लावलं होतं. मी आज तलाठ्याचा नकाशा वाचतो तो त्याच दिवसाच्या जोरावर.’ गुरुजींना ‘ज्ञानमहर्षी’ म्हटल्यानं जेवढं बरं वाटेल त्याच्या कितीतरी पट या वाक्यानं वाटेल. सर, बाई, मॅडम, गुरुजी, शाळेत जे म्हणत होता तेच म्हणा. निरोप समारंभात एकदम ‘आदरणीय श्री. अमुक अमुक साहेब’ झालं की माणूस परका होतो.

महर्षी, भूषण, रत्न, सम्राट या पदव्यांचा सध्या फार सुकाळ आहे. पंडिता रमाबाई १८७८ साली कलकत्त्याला गेल्या तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. तिथल्या पंडितांनी त्यांना संस्कृतात प्रश्न विचारले, त्यांची परीक्षा घेतली आणि मग ‘सरस्वती’ ही पदवी दिली. आधी परीक्षा, मग पदवी. पुढे १८८६ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांच्या पदवीदानाला याच रमाबाई इंग्लंडहून समुद्र ओलांडून गेल्या. कोणाच्या शिक्षणाला उपस्थितीनं दाद देणं म्हणतात ते हे. तुमच्या भाचीच्या पदवीदानाला नागपूरला जायला तर भंडाऱ्याहून तास-दीड तास लागतो.

ज्यांच्याकडे कागद नाही त्यांच्या ज्ञानाचं कौतुक आपण सगळ्यात वाईट करतो. ‘शाळेची पायरी चढल्या नाहीत, पण...’ इथूनच सुरुवात. विदर्भातल्या दोन विद्यापीठांची नावं बघा: नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं, अमरावतीचं संत गाडगेबाबांचं. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. तुकडोजींचं शालेय शिक्षण जेमतेम, गाडगेबाबा आणि बहिणाबाई निरक्षर. तिथून पदवी घेणारा प्रत्येक पदवीधर त्यांच्या नावाचा कागद भिंतीवर लावतो. मग गावातल्या रोवणीच्या टोळीची म्होरकी असलेल्या मावशीचं ज्ञान मोजताना आपली जीभ का अडखळते? चिखलणी कुठवर झाली की रोप धरेल, पऱ्हं किती दिवसांचं झालं की उपटायचं, एका बांधीला किती पेंढ्या लागतील, हे ती धुऱ्यावर उभी राहून सांगते. या भागातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, बांधणाऱ्या कोहळी लोकांनीही अभियांत्रिकीचं पुस्तक पाहिलेलं नव्हतं. पाणी कुठून येईल, पाळ कुठे घालावी, सांडवा कुठे काढावा, हे त्यांना जमिनीवरून चालताना कळत होतं. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते त्यांच्या जिवावर.

अशा माणसाचं कौतुक करायचा एकच चांगला रस्ता मला माहीत आहे: त्याला त्याच्या विषयातला खरा प्रश्न विचारायचा आणि उत्तर मध्ये न तोडता ऐकायचं. ‘मावशी, यंदा पाऊस मागे-पुढे झाला तर पऱ्ह्याचं काय करायचं?’ असं विचारा आणि वही काढा. वहीत लिहून घेणाऱ्या पदवीधराकडे बघून मावशी काय समजायचं ते समजते. शाळेला हे फार सहज करता येतं. जुलैत एक दिवस रोवणीच्या बांधीवर वर्ग भरवा, शिकवायला मावशी, आणि आभार मानताना तिनं काय शिकवलं ते सहावीच्या मुलांनीच सांगावं. हा प्रश्नाचा रस्ता पदवीवाल्यांनाही चालतो. नव्या डॉक्टरला ‘अभिनंदन’ तर सगळेच म्हणतात. ‘तुम्ही कशावर जास्त शिकलात?’ हे विचारणारा त्याला वर्षभर आठवतो.

गावातून कोणी परदेशी शिकायला निघालं असेल तर तिथल्या रीतीची थोडी माहिती त्याला द्यावी. इटलीतल्या सरकारी विद्यापीठांत जाणारी मराठी मुलं आता नवलाची राहिलेली नाहीत. तिथे डॉक्टरकी न केलेल्या साध्या पदवीधरालाही ‘दोत्तोरे’ म्हणतात, बाई असेल तर ‘दोत्तोरेस्सा’. एखाद्यानं परीक्षा काढली, पदवी मिळवली की ‘कोंप्लिमेंती’ म्हणायचं. आपला विषय पक्का असलेल्या माणसाला ‘प्रेपरातो’ म्हणतात, चौफेर वाचन असलेल्याला ‘कोल्तो’, आणि बाईला म्हणताना शेवटचा ‘ओ’ जाऊन ‘आ’ येतो. फसवतो तो ‘एदुकातो’. इंग्रजीच्या सवयीनं आपल्याला वाटतं की त्याचा अर्थ शिकलेला, पण तिथे तो म्हणजे चांगल्या वळणाचा, सभ्य. प्राध्यापकांना मात्र ‘तुम्ही फार प्रेपरातो आहात’ म्हणू नये, तेही गुरुजींना विद्वत्तेचं प्रमाणपत्र देण्यासारखंच होतं. ‘ओ इंपारातो मोल्तो दा लेई’, तुमच्याकडून खूप शिकलो, एवढं पुरे. ‘लेई’ म्हणजे आपलं आदरार्थी तुम्ही.

तिथल्या पादुआ विद्यापीठातली एक गंमत आपल्या फ्लेक्सवाल्यांना सांगावीशी वाटते. हे विद्यापीठ १२२२ सालचं. गॅलिलिओ तिथे शिकवत होता, आणि १६७८ साली एलेना कोर्नारो पिस्कोपिया या बाईंनी तिथेच डॉक्टरेट घेतली. डॉक्टरेट मिळवणाऱ्या जगातल्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. अशा भारदस्त ठिकाणी पदवी मिळाली की मित्रमंडळी काय करतात? डोक्यावर तेजपानाच्या जातकुळीतल्या पानांचा मुकुट घालतात आणि भिंतीवर एक मोठा कागद लावतात. त्यावर पदवीधराचं व्यंगचित्र आणि त्याच्या सगळ्या फजित्यांची यमकबद्ध कहाणी असते, आणि ती त्यालाच भर रस्त्यात मोठ्यानं वाचायला लावतात. म्हणजे हार घातल्या घातल्या पाय जमिनीवर. रामजी सुभेदारांना ही रीत पसंत पडली असती.

आपला फ्लेक्स बनवताना मात्र निदान दोन गोष्टी बघा. मुलीचं नाव तिला हवं तसं, शुद्ध लिहिलेलं असावं, आणि तिचा फोटो शुभेच्छुकांच्या फोटोंपेक्षा मोठा असावा. मोबाईल नंबर किंवा घरचा पत्ता त्यावर अजिबात नको. व्हॉट्सॲपच्या गटावर टाकतानाही तेच. गुणपत्रिकेचा फोटो जसाच्या तसा टाकला की बैठक क्रमांक आणि आईचं नाव सगळीकडे फिरतं. हार-तुऱ्याच्या इमोजींची रांग पाठवण्याऐवजी तिला वेगळा एक मेसेज करा, दोन ओळींचा, तिच्या भूमितीबद्दलचा.

कार्यक्रमात बोलणं तीन मिनिटांत आटपा. दहा सत्कार असतील तर प्रत्येकाबद्दल एक खरी गोष्ट पुरेशी असते, आणि पाहुण्यांच्या स्वागताची यादी आधीच वीस मिनिटं खाऊन गेलेली असते. सत्कारमूर्तीला बोलायचं असेल तर तिला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. आयत्या वेळी माईक पुढे केला की चांगली चांगली पोरंही ‘माझ्या यशाचं श्रेय’ म्हणून पाठ केलेलं म्हणतात. तयारीला एकच प्रश्न द्या: या वर्षी तू काय शिकलीस जे तुला आधी येत नव्हतं? आणि तिला बोलायचं नसेल तर हात जोडून नमस्कार केला तरी चालेल, असंही तेव्हाच सांगा.